डुगडुगणारी खुर्ची मोडलेली नसते

आज सकाळी कोथरूडमध्ये आमच्या शेजारच्या सोसायटीसमोर भंगारवाल्याच्या टेम्पोत सागवानी खुर्च्या चढवल्या जात होत्या. इमारत पुनर्विकासाला गेली आहे, त्यामुळे सामान कमी करणे भाग आहे, हे मला कळते. पण त्यातल्या एका खुर्चीला हात लावून पाहिला, तर लाकूड ठणठणीत होते. मागचे पाय सांध्यात हलत होते आणि वेताच्या बैठकीला मधोमध भोक पडले होते, इतकेच. “डुगडुगते हो ती, कोण बसणार?” असे मालक म्हणाले. एवढ्या कारणावरून सागवान जळाऊ लाकडाच्या भावाने जावे, याचा संताप अजून उतरलेला नाही.

लाकूड उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि या ओढाताणीत खाचेत बसवलेली कूस, म्हणजे दांडीचे तासलेले टोक, हळूहळू सैल होते. जुने सुतार सांध्याला सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक, लावत. तो गरम पाण्याने सुटतो, म्हणून सांधा उघडून, साफ करून पुन्हा बसवता येतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पाणी नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात शिरले, तेव्हा आजोबांची शिसवी खुर्ची त्यात बुडाली. चिखलातून बाहेर काढताना सरस विरघळून तिचे पाय, पाठ आणि आडव्या दांड्या वेगवेगळ्या हातात आल्या. आजोबा कचेरीत कारकून होते, सुतार नव्हते. त्यांनी सगळे भाग धुतले, तडकू नयेत म्हणून सावलीत वाळवले आणि पुन्हा सरसानेच जोडले. घरातली भांडीकुंडी वाहून गेलेल्या माणसाला खुर्ची जोडावीशी वाटली, आणि आपल्याला रविवारची एक दुपार काढता येत नाही!

त्याहून अधिक राग मला खिळे ठोकणाऱ्यांचा येतो. खिळ्याने कूस उभी चिरते, पुढे तो गंजतो आणि मग खरोखरच दुरुस्तीला काही उरत नाही. वरून फेव्हिकॉल ओतणाऱ्यांचेही तेच, कारण जुन्या सरसाच्या थरावर नवा डिंक धरत नाही. त्याला कोरे लाकूड लागते. सांध्याला फडके गुंडाळून लाकडी मोगरीने हलके ठोकावे, न सुटल्यास गरम पाण्याचा बोळा धरावा, जुना सरस पटाशीने खरवडावा, कूस बारीक झाली असेल तर तिच्याभोवती रंध्याने काढलेला लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवावा. सांधा आवळून धरणारा शिकंजा नसला तरी अडत नाही, पायांभोवती दोरी बांधून तिला काठीने पीळ दिला की सांधा घट्ट आवळला जातो. मात्र खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का, हे डिंक ओला असतानाच पाहावे. आजोबांची खुर्ची मी गेल्या उन्हाळ्यात उघडली, तेव्हा प्रत्येक कुशीवर आणि तिच्या खाचेशेजारी त्यांनी शिसपेन्सिलीने घातलेले आकडे सापडले, १ शेजारी १, २ शेजारी २. पुढे कोणीतरी ती पुन्हा उघडणार, हे त्यांनी धरूनच ठेवले असावे.

भुंग्याने आतून पोखरलेली खुर्ची टाकावी लागते, हे मान्य. दुखऱ्या पाठीला नवी खुर्ची बरी वाटते, तेही असो.

लिहिता लिहिता त्या मालकांवरचा राग थोडा कमी झाला आहे. घरी येऊन चार सांधे बसवून देणारा सुतार त्यांना मिळाला नसेल. मोठ्या कामाशिवाय हल्ली कोणी येत नाही, आणि वेत विणणारे तर शोधूनही सापडत नाहीत. त्यांना कोणी सांगितलेच नसेल, की हे घरी जमते. म्हणून मी सांगते आहे. पुनर्विकासाचे सामान बांधत असाल, तर टेम्पो बोलावण्याआधी खुर्ची उलटी करून सांधे पाहा. शिकंजे, मोगरी आणि पटाशी माझ्याकडे आहेत, हवी तेव्हा घेऊन जा. खुर्ची उचलून आणणार असाल तर आधी फोन करा, म्हणजे मी सरस भिजत घालून ठेवीन.