नाहीतर कुणाचं?

"मावशी, सहाव्या सेमला एसपीसीसी ठेवलाय कशाला? जग एआयकडून कोड लिहून घेतंय आणि आम्ही फर्स्ट-फॉलो काढत बसलोय." भाच्याचा हा व्हॉइस मेसेज डोंबिवलीहून आला तेव्हा एडिंबरात सकाळचे साडेआठ वाजले होते आणि उजाडायचं बाकी होतं. पाठोपाठ घरच्या ग्रुपवर भाऊजींचं अनुमोदन: काढून टाका ते कंपायलर, एआयचे दोन पेपर वाढवा.

एसपीसीसी म्हणजे सिस्टिम प्रोग्रॅमिंग अँड कंपायलर कन्स्ट्रक्शन. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम; फर्स्ट-फॉलो हा त्यातलाच एक कागदी हिशेब. मुंबई विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनीअरिंगवाल्यांना तिसऱ्या वर्षी तो पार करावाच लागतो. मीही केला. टू-पास असेंबलरची टेबलं भरली, 'ई गोज टू टी ई-डॅश' असे भाषेच्या व्याकरणाचे नियम घोकले, आणि जर्नल सीनियरच्या जर्नलवरून उतरवलं. एका प्रॅक्टिकलच्या आउटपुटवर त्याचाच रोल नंबर राहिला होता, एक्स्टर्नलच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाच्या, लक्षातही आला नाही. ८० पैकी ६२ मिळाले. केटी लागली नाही, म्हणून घरी पेढे आले.

मग एमएससीला इकडे आले. ११ आठवड्यांत प्रत्येकाने एकट्याने एक छोटी भाषा बनवायची, तिचा प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. माझ्या भाषेने पहिल्याच आठवड्यात २+३*४ चं उत्तर २० दिलं. रात्री दोनपर्यंत डोकं धरून बसले आणि मग एकदम उलगडलं: टी आणि टी-डॅश म्हणून जे पाठ केलं होतं ती 'गुणाकार आधी' हे यंत्राला सांगायची रीत होती! मुंबईत ते टेबल मी बिनचूक भरलं होतं, ते कशासाठी भरायचं हे मात्र मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणून भाऊजींचं अर्धं म्हणणं मला पटतं. हा विषय असाच शिकवायचा असेल तर काढलेला बरा. उरलेलं अर्धं मात्र साफ चूक आहे. ज्या एआयसाठी कंपायलरला निरोप द्यायचा, ते धावतं कंपायलरच्याच जिवावर. २०२३ साली पायटॉर्च २.० (पायटॉर्च म्हणजे एआय मॉडेल बनवायची आणि चालवायची लायब्ररी) आलं तेव्हा त्याची मुख्य जाहिरातच ही होती की आता मॉडेल कंपाइल करून वेगाने चालवता येईल. एकच मॉडेल निरनिराळ्या चिपवर नीट पळवायचं तर कुणीतरी ते प्रत्येक चिपच्या बोलीत उतरवावं लागतं. आज या कामात ठिकठिकाणी दिसणारं एलएलव्हीएम, म्हणजे कंपायलर बांधायचा तयार संच, २००० च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठात सुरू झालं, ख्रिस लॅटनर आणि त्याचे प्राध्यापक विक्रम आडवे यांच्या हातून. आडवे आयआयटी मुंबईत शिकलेले. त्याच पवईत प्राध्यापक ढमढेऱ्यांनी कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनवर काम केलं, उदय खेडकरांनी जीसीसी या कंपायलरची आतली रचना मुलांना उलगडून दाखवली. डोंबिवलीहून कांजूरमार्गला उतरलं की पवई हाकेच्या अंतरावर. आमच्या कॉलेजात हे कुणी बोललं नाही. एमएल नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा रॉबिन मिल्नर यांनी १९७० च्या दशकात एडिंबरात घडवली, हे मात्र इथे पहिल्याच महिन्यात कळलं.

आता 'तिकडे बसून सांगायला काय जातं' हा टोमणा येणार, आणि तो रास्त आहे. इथे मी घेतलेला विषय ऐच्छिक होता, वर्गात मोजकी डोकी होती. आमच्या मुंबईच्या वर्गात सत्तर जण, सगळ्यांना सक्ती. तीन-तीन बॅचेस, टर्मवर्क, पेपर तपासणी सांभाळणाऱ्या मॅडमनी सत्तर कंपायलर तपासायचे कधी? शिवाय अशी भाषा चालवणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे इंटरप्रिटर, आज चॅटबॉट मिनिटात लिहून देतो, इथली मुलंही घेतात लिहून. तरी ती सक्ती मला मुंबईची श्रीमंती वाटते. इथे हा विषय न शिवता पदवी घेतलेले किती तरी जण माझ्या ऑफिसात आहेत. तिथे दरवर्षी सगळा वर्ग त्यातून जातो, फक्त कोरडा राहून. मॅक्रो प्रोसेसरची टेबलं पेपरातून काढा, त्या जागी दोघांत मिळून एक छोटी भाषा द्या. व्हायव्हात एक्स्टर्नलने एक नियम बदलायला सांगायचा आणि समोर चालवून घ्यायचं. कोड कुणीही लिहिलेला असो, ज्याला कळला नसेल तो तिथे अडकेलच.

मराठीतून इंजिनीअरिंगचा वाद आमच्या ग्रुपवर वेगळाच चालतो. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईने २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांना वाट मोकळी केली, तेव्हापासून कंपायलरला 'संकलक' म्हणायचं की नाही यावर लोक हिरिरीने भांडतात. म्हणा काहीही. मराठीचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. पावसाळ्यात आई रोज सांगायची, "पाऊस असेल तर लोकल बंद असतील तर घरी थांब, नाहीतर कॉलेजला जा." यातलं 'नाहीतर' कुठल्या 'तर'चं? माणसाला प्रश्नच पडत नाही. कंपायलर लिहिणारे मात्र अल्गोल या जुन्या भाषेच्या काळापासून या 'नाहीतर'शी, म्हणजे कोडमधल्या 'एल्स'शी, झगडताहेत. सी भाषेचा नियम असा की ते सगळ्यात जवळच्या 'तर'ला चिकटतं.

हे वाक्य मी भाच्याला पाठवलं, म्हटलं, जसंच्या तसं सीमध्ये उतरव, मधे महिरपी कंस घालायचा नाही, आणि पाऊस शून्य ठेवून चालव.

तासाभराने उत्तर आलं. "मावशी, काहीच छापत नाहीये. घरी पण नाही, कॉलेजला पण नाही. आजीला दाखवलं तर ती म्हणते, ऊन पडलं म्हणून पोरगं काय दारातच उभं राहणार?"