‘लाल करा, पाण्यात बुडवा’: ७०७५ अ‍ॅल्युमिनियमला पोलादाची रीत चालत नाही

‘अ‍ॅल्युमिनियमचंही पोलादासारखंच. लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात बुडवा, लगेच कडक. भट्टीत जितका वेळ जास्त, तितकी ताकद जास्त. हार्डनेस आला की झालं.’ हा सल्ला बराच फिरतोय. एकेक वाक्य घेऊ.

‘लाल होईपर्यंत’: तोवर जॉब (तापवायचा भाग) भंगारात गेलेला असतो. ७०७५ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची सोल्युशन ट्रीटमेंट (मिसळलेले धातू विरघळावेत म्हणून तापवणं) साधारण ४७० अंश सेल्सियसला होते. २०२४ या दुसऱ्या मिश्रधातूची ४९३ ला, आणि ५०२ च्या आसपास त्याच्या ग्रेनच्या (धातूतल्या बारीक स्फटिकांच्या) सीमा वितळू लागतात. मोकळीक जेमतेम नऊ अंशांची! वितळलेल्या सीमेत पोकळ्या राहतात. पुन्हा ट्रीटमेंट करून त्या भरत नाहीत.

‘लगेच कडक’: इथेच खरी गफलत आहे. पोलादात पाण्यात मारताच मार्टेन्साइट ही कडक स्फटिकरचना बनते. अ‍ॅल्युमिनियमची स्फटिकरचना वितळेपर्यंत बदलतच नाही, मग मार्टेन्साइट कुठून येणार? पाणी फक्त विरघळलेलं जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं जागच्या जागी अडकवतं. ताजा जॉब मऊ असतो. वाकडा झाला असेल तर सरळ करायची वेळ हीच. २०२४ चे रिव्हेट पाण्यात मारल्यावर फ्रीझरमध्ये ठेवतात ते याचसाठी, नाहीतर ठोकायच्या आधीच कडक होतील. ७०७५ ची ताकद नंतर येते: १२० अंशांना २४ तास ठेवल्यावर (हेच एजिंग) मॅग्नेशियम-जस्ताचे काही नॅनोमीटरचे कण उगवतात आणि डिसलोकेशनची (स्फटिकातल्या सरकणाऱ्या दोषांची, ज्यांमुळे धातू वाकतो) वाट अडवतात. अ‍ॅनील (तापवून मऊ) केलेल्या ७०७५ ची ताण सोसायची ताकद सुमारे २२८ मेगापास्कल, टी६ ची, म्हणजे असं एजिंग केलेल्याची, ५७२.

पाण्यात बुडवणं मात्र बरोबर, पण भट्टीचं दार उघडल्यापासून १५ सेकंदांच्या आत. पातळ पत्र्याला त्याहून कमी. ४०० ते २९० अंशांमध्ये जॉब रेंगाळला तर ग्रेनच्या सीमांवर जाड कण बसतात. जस्त तिथेच खर्ची पडतं, एजिंगला काही उरत नाही, वर सीमेवरून गंज आत शिरतो.

‘वेळ जास्त, ताकद जास्त’: एजिंगमध्ये ताकदीचं शिखर ओलांडलं की मोठे कण लहान कणांना गिळतात, अंतरं वाढतात, डिसलोकेशन वळसा घालून निघून जातं. टी७३ या प्रक्रियेत हे मुद्दाम करतात: १०७ अंशांना ६ ते ८ तास, मग १६३ ला २४ ते ३० तास. ताकद १० ते १५ टक्के घटते, पण ताणाखाली गंजून तडकण्याचा धोका खूप कमी होतो.

‘हार्डनेस आला की झालं’: तोच आकडा शिखराच्या अलीकडेही येतो, पलीकडेही. म्हणून एडी करंट मीटर लावून विद्युतवाहकता बघावी: टी६ ला सुमारे ३३ टक्के आयएसीएस (प्रमाण तांब्याच्या वाहकतेच्या तुलनेत), टी७३ ला किमान ३८.