पुढील आदेश होईपर्यंत

गणपतीला गावी जायचं की नाही, असा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडलेला नाही. आजोबा गिरणीच्या संपाच्या वर्षी उधारीवर गेले होते. वडील एकदा अंगात ताप घेऊन गेले आणि आरतीला उभे राहिले. त्यामुळे २०२० सालीही जायचं हे ठरलेलंच होतं. जाऊ देतायत का, एवढंच कुणाला तरी विचारायचं होतं. भांडुपपासून कणकवली तालुक्यातल्या आमच्या वाडीपर्यंत ते सांगायला जो तो तयार होता. पंचाईत एवढीच, की दोघांचं सांगणं काही जुळत नव्हतं.

तशी आमची तयारी मार्चपासून चालली होती. रात्रीचे आठ वाजले की आई टीव्हीसमोर येऊन बसायची. "आज काय बंद करतायत बघ." जूनमध्ये 'पुनश्च हरिओम' झालं तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. मग कळलं की हरिओमही झालंय आणि लॉकडाऊनही वाढलाय. २९ जुलैचा आदेश मी स्वतः चष्मा पुसून वाचला. त्यात 'मिशन बिगीन अगेन' होतं आणि त्याच आदेशात लॉकडाऊनला ३१ ऑगस्टपर्यंत मुदतवाढही होती. म्हणजे नव्याने सुरुवात करा, पण जागचे हलू नका.

जूनअखेरीचं ते दोन किलोमीटर प्रकरण तर आमच्या सोसायटीत अजून निघतं. मुंबई पोलिसांनी जाहीर केलं, की खरेदी, व्यायाम, केशकर्तन वगैरेंसाठी घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. पलीकडे सापडलेल्या हजारो गाड्या जप्त झाल्या. आमच्या ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत एकच वाद: दोन किलोमीटर रस्त्याने मोजायचे की सरळ रेषेत? तिसऱ्या मजल्यावर भूमितीचे एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी नकाशावर सोसायटी मध्यबिंदू धरून वर्तुळ काढून दिलं. त्यात डोंगर आला, रेल्वेचे रूळ आले, पूर्वेची मिठागरं आली. भाजीवाला मात्र नेमका परिघावर. परिघ आत धरायचा की बाहेर, यावर वाद पुन्हा पेटला. तो मिटायच्या आतच दोन किलोमीटर गेले आणि त्या जागी 'घराच्या परिसरात' आलं. परिसर काढायला कंपास चालत नाही. मास्तर त्या दिवसापासून गप्प झाले ते झालेच.

जुलैत गावच्या ग्रुपवर एक कागद आला. जिल्ह्यात बैठक झाली असून चाकरमान्यांनी ७ ऑगस्टपर्यंतच यावं आणि १४ दिवस विलगीकरणात राहावं, असं त्यात होतं. लगोलग चुलतभावाचा फोन. "सातच्या आत ये रे. नायतर मग शिमग्याकच ये." बायकोने त्या हिशेबाने ऑफिसात रजा टाकली. दोन-तीन दिवसांनी खुलासा आला, की तो कागद म्हणजे निव्वळ बैठकीचं इतिवृत्त आहे, निर्णय अजून व्हायचाय. बैठकीत कोण काय बोललं ते कोणीतरी लिहून घेतलं, ते मोबाईलमधून सुटलं आणि आमच्या स्वयंपाकघरात येऊन त्याचा कायदा झाला. बायकोने रजा मागे घेतली. साहेब म्हणाले, "एकदा नक्की ठरवा ना." हे त्यांनी बायकोला सांगितलं, पण सांगायला हवं होतं भलत्यालाच.

गावकऱ्यांचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात एक डॉक्टर, पुढे व्हेंटिलेटर म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथे मुंबईतून झुंडीने माणसं येणार म्हटल्यावर कोणीही दाराला कडी घालेल. घाला कडी. फक्त आतून घातलीय की बाहेरून, तेवढं घरातल्या एकाने ओरडून सांगा.

४ ऑगस्टला परिवहनमंत्री अनिल परब यांनी ते सांगितलं. कोकणासाठी एसटी ६ तारखेपासून सुटणार. विलगीकरण १४ दिवसांऐवजी १० दिवसांचं. १२ ऑगस्टपर्यंत पोहोचायचं. त्यानंतर येणाऱ्याने निघण्याआधीच्या ४८ तासांतला निगेटिव्ह रिपोर्ट आणायचा. आमच्या भागात तेव्हा रिपोर्ट हातात पडायलाच दोन दिवस लागत, म्हणजे तो यायचा तोच शिळा होऊन. तेव्हा बारा तारीख गाठणं आलं. आणखी एक गंमत होती. एसटीने जाणाऱ्याला ई-पास लागणार नव्हता, स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला लागणार होता. एसटीत एकमेकांना कधी न पाहिलेली बावीस माणसं बसणार, ती चालतील. मी, माझी बायको, माझा मुलगा आणि माझी आई, जे मार्चपासून एकाच खोलीत एकमेकांच्या तोंडावर खोकत होतो, ते एकाच गाडीतून जाणार म्हणजे मात्र सरकारला आधी विचार करायला हवा. त्यातही आमचं नशीब, की गाडीत चालक अधिक दोनची मर्यादा त्याच महिन्यात चालक अधिक तीन झाली होती. जुलैत आमच्यातलं एक माणूस जास्त होतं. ते कोण, यावर घरात बोलणं टाळलं.

एसटीने जाऊ म्हटलं, तर आईचे गुडघे. मग पास.

पासच्या अर्जात फोटो २०० केबीच्या आत हवा होता. मुलाने माझा फोटो इतका बारीक केला, की मी कोणीही दिसू शकलो असतो, आणि मला वाटतं तीच अपेक्षा असावी. 'आपण प्रतिबंधित क्षेत्रात राहता का?' या प्रश्नावर मात्र आम्ही सगळे अडलो. आमच्या गल्लीच्या तोंडाला मे महिन्यात बांबू लागला होता. केबलवाल्याची काळी वायर गुंडाळून बांधलेला, मध्यावर लाल-पांढरी फीत, फितीवर कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल. जुलैत गल्लीतले रुग्ण संपले, बांबू राहिला. बांधायचा आदेश होता, सोडायचा आला नव्हता. लोक त्याच्याखालून वाकून जा-ये करत. आता बांबू आहे तर 'होय' लिहायचं, की रुग्ण नाही म्हणून 'नाही'? वॉर्डाच्या यादीत आमची गल्ली एका पानावर होती आणि दुसऱ्या पानावर नव्हती. मी 'नाही' लिहिलं. त्या रात्री मुलाने जाऊन टॉवेलसकट बांबू सोडला. त्या टॉवेलबद्दल शेजारी अजून विचारतात.

प्रवासाचं कारण: गणेशोत्सव. अर्ज नामंजूर. तीच कागदपत्रं जोडून दुसऱ्या अर्जात कारण लिहिलं 'मूळ गावी जाणे'. मंजूर. यामागचं तत्त्व कळावं म्हणून मी बराच विचार केला. नंतर ग्रुपवर एकाने सांगितलं, की त्याचं 'मूळ गावी जाणे' नामंजूर झालं आणि 'गणेशोत्सव' पास झालं. मग मी विचार करणं सोडलं.

डॉक्टरांचा दाखला हा त्यातला सगळ्यात धोक्याचा भाग. आपल्याला सर्दी-ताप नाही, हे सिद्ध करायला ज्यांना सर्दी-ताप होता त्यांच्या रांगेत उभं राहायचं. आमच्या डॉक्टरांनी टेबलासमोर शॉवरला लावतात तसला पडदा लावला होता. पडद्याच्या फटीतून बंदूक आली, कपाळावर टेकली, मागे गेली. मग कागद आला. "पुढचा!" आईचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर, आलेच आहे तर गुडघे पण बघा ना." आतून उत्तर आलं, "गुडघ्यांना पास लागत नाही, मावशी."

११ तारखेच्या रात्री निघालो. पासची रंगीत प्रत प्लास्टिकच्या पिशवीत, दाखले स्टेपल केलेले, काचेवर एक झेरॉक्स. पहिल्या नाक्यावरच्या हवालदारांनी काच खाली करायला लावली, मागे आईला बघितलं आणि म्हणाले, "गणपतीला? जा जा." पास मी हातात धरूनच होतो. दुसऱ्या नाक्यावर पास नको होता, दाखला हवा होता. कशेडीला दाखला नको होता, थर्मामीटर लावून नावं वहीत लिहून घेतली. तिथे उभा असलेला तरुण पोलीस पावसात नखशिखांत भिजला होता. मी विचारलं, "पुढे आणखी काय काय विचारतील?" तो म्हणाला, "काका, आम्हाला इथलं सांगितलंय. पुढचं पुढचे." चिडायला गेलो होतो, पण त्याच्या बुटातलं पाणी बघून थर्मासमधला चहा दिला. खारेपाटणला जिल्ह्याची हद्द. तिथे पुन्हा वही, पुन्हा नावं. वेळेच्या रकान्यात लिहिलं, पाच चाळीस. ग्रामपंचायतीच्या वहीत नोंद झाली ती नऊ वाजता, कारण वहीच्या कपाटाची चावी ज्याच्याकडे, तो दूध घालायला गेला होता. या नऊचं पुढे महत्त्व वाढणार होतं.

आमची रवानगी पडवीत. ग्रामकृती दलाच्या तिघांनी लांबूनच नियम वाचून दाखवले. भावाने कधी नव्हे ते अहो-जाहो केलं. वहिनी उंबऱ्यावर ताट ठेवून मागे सरायची आणि आम्ही पुढे व्हायचो. दहा दिवसांचं काही नव्हतं, भात-आमटी वेळेवर येत होती, पाऊस बघत होतो. पण चौथ्या-पाचव्या दिवशी आईने बोटं मोडत हिशेब काढला. आलो १२ तारखेला. दिवस दहा. गणपती २२ला. बाराचा दिवस धरला तर २१च्या रात्री सुटका, नाही धरला तर २२च्या रात्री, म्हणजे प्रतिष्ठापना झाल्यावर.

सरपंच म्हणाले, "धरूचो." पोलीस पाटील म्हणाले, "वर इचारतंय." वर म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही, पण बोलताना आभाळाकडे बघितलं. आरोग्यसेविका बाई शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "२४ तास पूर्ण झाले की एक दिवस. तुम्ही किती वाजता आलात?" मी म्हटलं, "पाच चाळीस. हद्दीवरच्या वहीत आहे." त्या म्हणाल्या, "इथल्या वहीत नऊ आहे." आमच्याकडे गणपती साडेआठला बसला. भटजी एका गावातून दुसऱ्या गावात येऊ शकत नव्हते म्हणून त्यांनी मोबाईलवरून मंत्र सांगितले, भावाने पूजा केली, आणि आम्ही चौघांनी पडवीतून खिडकीच्या गजातून हात जोडले. नऊ वाजता कृती दलाचा माणूस आला, घड्याळ बघून म्हणाला, "इला. आता भायर या." आई तरातरा आत गेली आणि सगळ्यात आधी दूर्वा उलट्या वाहिल्यात म्हणून भावाला बोलली.

मधल्या काळात मुंबईत बसलेल्यांसाठी रेल्वेच्या गणपती स्पेशल गाड्या जाहीर झाल्या. त्या १५ ऑगस्टपासून. पोहोचायची तारीख होती १२. गाड्या रिकाम्या गेल्याच्या बातम्या वाचून आमचा शेजारी म्हणाला, "लोकांका गणपतीची आवड रवली नाय." आणि ऐन चतुर्थीच्या दिवशी, २२ ऑगस्टला, केंद्रीय गृहसचिवांनी राज्यांना पत्र लिहिलं, की राज्यांतर्गत प्रवासावर बंधनं घालू नका, वेगळा पास लागू नये. आम्ही तेव्हा उकडीचे मोदक खात होतो. राज्याने सांगितलं, तूर्त पास राहील. ३१ तारखेला नवा आदेश निघाला, पास रद्द. कधीपासून? २ सप्टेंबर. १ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. राज्यातला शेवटचा गणपती पाण्यात गेल्याची खात्री करून मगच पास काढला म्हणायचं.

आम्ही निघालो २ तारखेलाच. परतीचा पास पिशवीत होताच. एवढा जिवापाड सांभाळलेला कागद, आणि एकाही नाक्यावर कोणी मागेना. शेवटी एका ठिकाणी मीच गाडी हळू केली, काच खाली घेतली आणि पिशवी बाहेर धरली. खुर्चीत बसलेले हवालदार उठलेही नाहीत. म्हणाले, "आजपासून बंद झाला. व्हॉट्सअ‍ॅप बघत नाही का तुम्ही?"

संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर पोहोचलो, तर गेट बंद. फळ्यावर खडूने लिहिलेलं: 'परगावाहून येणाऱ्यांनी पास दाखवल्याशिवाय प्रवेश नाही. आदेशावरून.' कुणाच्या आदेशावरून, ते लिहायला जागा पुरली नसावी. मी सेक्रेटरींना फोन लावला, सांगितलं की पास सरकारनेच रद्द केलाय. ते म्हणाले, "सरकारचं सरकारकडे. आपल्या कमिटीत तसा ठराव झालेला नाही." मी वॉचमनच्या हातात पिशवी दिली. त्याने पास बाहेर काढला, बॅटरी लावून वरपासून खालपर्यंत वाचला, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. सगळ्या प्रवासात तो पास पूर्ण वाचणारा तोच एक. मग तो उलटा करून म्हणाला, "साहेब, याच्यावर शिक्का कुठंय?"