कुणाशी वाजलंय?

सांगलीत कुणालाही सांगून बघा, "खिशात ठेवायला एक बरासा घडीचा चाकू घ्यायचा म्हणतोय." "केवढ्याचा?" असं कुणी विचारत नाही. "का ओ, कुणाशी वाजलंय?" असंच विचारतात. आणि विचारताना आवाज खाली आणतात, म्हणजे वाजलेलं असेलच तर मिटवायला आपण आहोत, हे कळावं.

माझं कुणाशीही वाजलेलं नाही. पन्नाशी उलटलेला, आवक-जावकच्या टेबलावर बसणारा कारकून मी. माझ्याशी वाजवून घेऊन कुणाला काय मिळणार? पण दिवसभरात कापायच्या गोष्टी किती निघतात, हे ज्याच्याकडे चाकू नाही त्यालाच कळतं. पार्सलची टेप मी किल्लीने फाडतो. सुतळीची गाठ दातांनी सोडवतो, आणि त्यातला एक दात आता माझा स्वतःचा राहिलेला नाही. तांदळाच्या पोत्याची शिलाई हा तर वेगळाच छळ. योग्य टोक सापडलं तर सगळा दोरा एका ओढीत सर्रकन निघून येतो. पण ते टोक कुठलं, हे पोतं शिवणाऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नसतं. चुकीचं ओढलं की गाठ आवळत जाते आणि घरातले एकेक जण येऊन शेजारी उभे राहतात.

स्वस्तातला चाकू आमच्याकडे होता. जत्रेत मिळतो तो, माशाच्या आकाराचा, अंगावर खवले कोरलेला. दिसायला देखणा. पेरूत घातला की पातं डावीकडे झुकायचं, पेरू उजवीकडे पळायचा आणि अंगठा मधे सापडायचा. महागाचं म्हणाल, तर टायटॅनियमच्या मुठीचे, पंचवीस-तीस हजारांचे चाकूही लोक घेतात. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी पोटात खुपसून घेत नाही म्हणतात. माझ्या हातून तर तिने पेरूसुद्धा कापवणार नाही. राहता राहिला मधला भाव. दीड हजाराच्या वर, तीन हजारांच्या आत. म्हणजे हरवला तर दोन दिवस जेवण गोड लागणार नाही, पण पोलिसांत वर्दी द्यायला जाणार नाही, एवढ्या किमतीचा.

भाच्याला विचारलं आणि तिथून माझी झोप उडाली. तो इंजिनिअरिंगला आहे.

"मामा, स्टील कुठलं पाहिजे?"

"स्टीलचंच पाहिजे."

त्याने एक सुस्कारा टाकला आणि वही काढली. डी-२ म्हणजे मुळात डाय आणि साचे करायचं स्टील. कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, क्रोमियम बाराच्या. धार खूप टिकते, पण एकदा गेली की परत आणताना माणूस टेकीला येतो. शिवाय पुरतं स्टेनलेस नव्हे. लिंबाचा रस पुसायचा राहिला की डाग पडलाच. ८सीआर१३एमओव्ही हे चिनी. नावातच हिशोब मांडलेला, कार्बन ०.८ टक्का आणि क्रोमियम १३. धार पटकन लागते, पटकन जाते. १४सी२८एन स्वीडनचं, क्रोमियम १४ टक्के, जोडीला चिमूटभर नायट्रोजन, गंजाला सहसा दाद देत नाही.

हे चाललं असताना बायको शेजारी कैरी चिरत होती, साध्या लोखंडाच्या विळीवर. पातं काळं पडत होतं. संध्याकाळी घासणी फिरली की ते पुन्हा लख्ख होणार होतं. लग्नात आलेली विळी ती, अजून तिच्यासमोर भोपळ्याची काय बिशाद नाही. "हिचा नंबर काय रे?" बायकोने भाच्याला विचारलं. तो विळीकडे बघत राहिला. "राहू दे," ती म्हणाली, "बिनडिग्रीचीच आहे बिचारी."

तरी भाच्याने जाता जाता लाखाची गोष्ट सांगितली. स्टीलच्या नावावर जाऊ नका, त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून थंड कसं केलंय, ते बघा. तेच स्टील एका कारखान्यातून कडकपणाच्या रॉकवेल मापाने ५६ भरून निघतं, दुसऱ्यातून ६०. जास्त कडक केलं तर धार टिकते, पण हाडात-खिळ्यात गेलं की टवका उडतो. मऊ ठेवलं तर धार वळते, पण दगडावर चार हात मारले की सरळ होते. घरी धार लावणाऱ्या माणसाला मऊच बरं, असं त्याचं मत. हे कुठल्याही लोहाराने फुकट सांगितलं असतं, पण लोहार वही काढत नाही.

ही अक्कल घेऊन मी गणपती पेठेत गेलो. हार्डवेअरचं जुनं दुकान. काउंटरमागे मालक, बनियनवर.

"घडीचा चाकू आहे का चांगला?"

"कशाला पाहिजे?"

"खिशात ठेवायला."

"ते कळलं ओ. कापायचं काय?"

"टेप, सुतळी... पेरू."

त्यांनी मागे न बघता हात घातला आणि पिवळा पेपर कटर काउंटरवर ठेवला. "पंचवीस रुपये. धार गेली की टोक मोडायचं, पुढचं पातं काढायचं. पेरू दातांनी खावा."

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण माणूस उत्तर नसतानाच जास्त हट्टाला पेटतो. मी म्हटलं, "नाही, चाकूच दाखवा." मग खालच्या खणातून एक पुठ्ठ्याचा खोका निघाला. "ह्याला पाणी कसं दिलंय?" मी विचारलं. मालकांनी आत वळून हाक मारली, "साहेबांना पाणी दे रे."

पाणी प्यालो. चाकू तपासायचे जे प्रकार भाच्याने सांगितले होते ते एकेक सुरू केले. मिटलेला चाकू टोकाकडून डोळ्यासमोर धरायचा; पातं मुठीच्या बरोबर मधोमध बसलेलं पाहिजे, एका अंगाला चिकटलेलं नको. उघडून पातं चिमटीत धरायचं आणि आडवं हलवून बघायचं. खिळ्यात खेळ असेल तर टक टक असं बोटाला कळतं, कानाला नाही. मग पात्याची पाठ काउंटरच्या कडेवर हळूच दाबायची. उघडं पातं जागेवर धरणारं कुलूप सुटलं तर चाकू तिथेच मिटतो, आणि तो तिथे मिटलेलाच बरा, पेरू कापताना मिटण्यापेक्षा. खोक्यातले बरेचसे इथेच गळाले. शेवटची परीक्षा वर्तमानपत्राची. कागद एका हाताने लोंबता धरायचा आणि वरच्या कडेपासून खाली पातं ओढायचं. बोथट पातं कागद फाडतं. धारेचं पातं आवाज न करता उतरतं.

मालकांनी पुढे केलेल्या पानावर नेमकं जिल्हा प्रशासनाचं निवेदन होतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१). सण आला, निवडणूक आली की हे येतंच: शस्त्रे, सोटे, भाले, तलवारी, दंडे, सुरे जवळ बाळगण्यास मनाई. माझं पातं सोट्यांपाशी शिरलं आणि सुऱ्यांपाशी अडकलं. मालकांनी चष्मा लावून फाटलेली जागा वाचली. "बगा," ते म्हणाले, "कटरचं नाव न्हाई ह्यात."

आता कायद्याचंही विचारणं आलं. माझा एक वर्गमित्र हवालदार म्हणून निवृत्त झालाय. त्याने सांगितलं, १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे नियम नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं बघतात, आणि घरकामाच्या, शेतीच्या हत्यारांना त्यातही सोडतात. बंदीचा हुकूम असेल तेव्हा मात्र इंच मोजत बसू नये, चाकू घरी ठेवावा. "माझं पातं तीन-साडेतीन इंचांचं असेल," मी जरा फुशारकीनेच म्हटलं.

"ते ठीक आहे रे. कायदा इंचात चालतो. पण रात्री स्टँडवर तुला जो पोलीस पोरगा अडवेल त्याच्या हातात काठी असते, पट्टी नसते. तुझा चाकू बघून त्याला हसू आलं पाहिजे. हसू आलं की सोडतो."

स्टील, कुलूप, खिळा, सगळं ऐकलं, पण चाकूची एवढी नेमकी कसोटी दुसऱ्या कुणी सांगितली नव्हती.

या कसोटीवर पहिला बाद झाला तो झटक्याने उघडणारा. भाच्याच्या मित्राकडून मी तसा एक बघायला आणला होता. काळा कुळकुळीत, मागची पाकळी बोटाने दाबली की पातं खट्ट करून बाहेर. दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये टपालाचं पाकीट उघडायला म्हणून मी तो खट्ट केला. महिनाभर अडकलेली माझी रजा साहेबांनी तिथल्या तिथे मंजूर केली. सोय म्हणून प्रकार उत्तम आहे, पण रोज तर रजा मागता येत नाही.

दुसऱ्या टोकाला तो लाल स्विस चाकू. कार्ल एल्सनर या गृहस्थाने १८८४ मध्ये कामाला सुरुवात केली आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवला, तेव्हापासून घराणं चालू आहे. मुठीच्या टोकातून चिमटा निघतो, दुसऱ्या बाजूने दातकोरणं. दातकोरणं बाळगणाऱ्या माणसाला जगात कुणी घाबरत नाही. हवालदाराची परीक्षा हा पहिल्या वर्गात पास होणार. अडचण दोनच. छोट्या मॉडेलांत पात्याला कुलूप नसतं, नुसती स्प्रिंग असते. जोर उलटा लागला की मिटतो. आणि बाटलीचं बूच काढायचा पेच. आमच्या घरापर्यंत द्राक्षं येतात ती बेदाणा होऊन. तो पेच बघून बायको म्हणाली, "हे कशाला?" आणि मी खरं सांगितल्यावर जे बोलली, ते चाकूबद्दल नव्हतं.

फ्रान्सचा ओपिनेल मला मनापासून आवडला. १८९० पासूनचा, बीच लाकडाची गोल मूठ, आणि तिच्या तोंडाशी १९५५ मध्ये बसवलेलं फिरतं कडं. कडं फिरवलं की पातं अडकलं, इतकं सरळ. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. पण लाकडाला ओल मानवत नाही. मूठ फुगली की पातं आत रुसून बसतं. कृष्णाकाठी आषाढ-श्रावणात भिंती घाम सोडतात, तिथे त्या मुठीने काय करायचं?

शेवटी घेतला तो तिसराच. नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको. शेवाळी रंगाची मूठ, स्वीडनचं ते १४ टक्क्यांचं स्टील, आतल्या अंगाला पत्र्याची एक पट्टी जी पातं उघडलं की त्याच्या मागे सरकून बसते. मिटायचा तर अंगठ्याने ती पट्टी बाजूला दाबायची; फक्त तेव्हा अंगठा पात्याच्या वाटेतच असतो, म्हणून पातं अर्ध्यावर आलं की त्याला बाहेर काढायचं लक्षात ठेवावं लागतं. चेहरा इतका गरीब, की स्टँडवरच्या पोराने हसूनही बघितलं नसतं.

तासगावचा चुलतभाऊ आला होता. बागायतदार माणूस, द्राक्षाच्या डॉगरिज खुंटावर कलमं भरण्यात जन्म गेला. त्याने धार नखावर टेकवून बघितली, मनगटावरचे चार केस उडवले. "बरा हाय दादा. पर कलमाला न्हाई चालायचा." मी म्हटलं, मला कलमं भरायची नाहीत. "मग घेतला कशाला?" असं म्हणून सवयीने त्याने तो स्वतःच्या खिशात टाकला, आणि फाटकापाशी मोटरसायकल चालू झाल्यावर मला पळावं लागलं.

धारेचं म्हणाल तर आमच्या मुलखाचं नशीबच विचित्र. मिरजेतल्या शिकलगार मंडळींचं मूळ काम हत्यारांना धार आणि झिलई देण्याचं. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे दिवस सरले तशी ती माणसं सतार-तंबोऱ्यांकडे वळली आणि त्यांचं आडनावच सतारमेकर झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. फार अभिमानाची गोष्ट. पण आज मिरजेत तार लावून घ्यायची तर दुकानांची रांग आहे, आणि धार लावून घ्यायची तर सायकलवाला कधी गल्लीत येतोय याची वाट बघा.

तेवढ्यात मुलगी बाळंतपणाला आली. नातू झाला, घर भरलं आणि आईने फर्मान काढलं, बाळाच्या गादीखाली लोखंड पाहिजे. अडकित्ता सापडेना. विळी ठेवायला बायको तयार होईना. आईने माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं.

"तो तुझा चाकू लोखंडाचा आहे ना रे?"

एवढे दिवस स्टीलचा अभ्यास केला, पण हा प्रश्न विचारणारी आईच पहिली. मी म्हटलं, "आई, त्यात चौदा टक्के क्रोमियम आहे, थोडा नायट्रोजन. राहिलेलं बहुतेक सगळं लोखंड."

"बहुतेक म्हणजे किती?"

"ऐंशी टक्क्यांच्या वर, आजी," भाचा म्हणाला.

"मग चालतंय," आई म्हणाली आणि हात पुढे केला.

बारसं झालं, पाहुणे गेले. रात्री बाळ रडलं की मी आधी गादीखाली हात घालून चाकू मिटलेलाच आहे ना ते बघतो, मग बाळाला घेतो. परवा हळूच परत मागून बघितला.

"जावळ निघेपर्यंत असू दे," आई म्हणाली. "तुला काय कापायचंय एवढं?"