आधी नावं वाचून घ्या, मग रंग मारा

गेले चार-पाच रविवार सकाळी साडेसहालाच मी आपल्या सोलापुरातल्या जुन्या ख्रिस्ती कबरस्तानात जातेय. सुरुवात झाली मैत्रिणीच्या पणजीची कबर शोधण्यावरनं. ती सापडली, चक्क मराठीत कोरलेली, "प्रभूत निजली" आणि खाली साल, पण ती शोधता शोधता बाकीच्या दगडांवरचंही वाचायची सवय लागली ती लागलीच.

मागच्या वेळी गेलो तर एका अख्ख्या ओळीला कुणीतरी ऑइलपेंट मारलेला. स्वच्छता म्हणूनच केलं असणार, पण अक्षरं बुजली ना, रडूच आलं मला.

एक कबर आहे, जेमतेम हातभर लांब. पूर्वी दगडात बारीक भोकं पाडून त्यात शिशाची अक्षरं ठोकून बसवायचे. शिसं कधीच गेलं, भोकं तेवढी राहिली. सकाळचं ऊन आरशाने तिरकं पाडलं की भोकांच्या सावल्या पडतात आणि त्या जोडत जोडत अक्षर लागतं. अर्धा तास उकिडवं बसून आम्हाला एवढंच लागलं, "वय 11 महिने". नाव अजून पुरतं लागलेलं नाही. पण साल लागलं तरी पुढचा रस्ता आहे, कारण त्या काळी पाद्री प्रत्येक दफनाची नोंद करायचे, नाव, वय, धंदा, मरणाचं कारण, आणि त्याची नक्कल मुंबईमार्गे लंडनला जायची, ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. 1860 ला रेल्वे सोलापुरात आली, तिच्याबरोबर आलेल्या कुणा ड्रायव्हरचं, फिटरचं लेकरू असेल का हे, ते तिथेच कळू शकतं.

एकाने विचारलं, 1930 ला इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, भोगलेल्या गावाने गोऱ्यांची थडगी कशाला पुसायची? राग समजतो मला. 12 जानेवारी 1931 ला आपले चार हुतात्मे फासावर गेले, ते कुठला सोलापूरकर विसरेल? पण अकरा महिन्यांच्या लेकराने कुणावर राज्य केलं हो? आणि तिथली कितीतरी नावं आपल्याच मराठी माणसांची आहेत. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत शिकलेल्या, शिकवलेल्या लोकांची माहिती जुन्या ज्ञानोदयात शोधता येते, त्या मिशनचं 1842 पासूनचं मासिक आहे ते.

आणि आपले डॉ. कोटणीस? सोलापुरात जन्मले, 1938 ला जखमी सैनिकांवर उपचार करायला चीनला गेले, 1942 ला वयाच्या 32 व्या वर्षी तिकडेच वारले. शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे, तिथले लोक अजून फुलं वाहतात. त्यांचा पुतळा, फुलं बघून आपली छाती भरून येते ना? मग आपल्या मातीत झोपलेल्या परक्या माणसाचं निदान नाव तरी नीट वाचून ठेवूया की.

येत्या रविवारी परत जातोय. येणाऱ्यांनी पाण्याची बाटली, मऊ ब्रश आणि छोटा आरसा आणा. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू अजिबात नको, दगड खराब होतो. आणि ज्यांच्या घरी आजी-पणजीचं जुनं बायबल आहे त्यांनी पहिली-शेवटची कोरी पानं उघडून बघा, जन्म-मृत्यूच्या तारखा बऱ्याचदा तिथेच लिहिलेल्या असतात. सापडलं काही तर फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा, प्लीज.