आगळाने डीएनए दुरुस्त होत नाही

फोंड्यातल्या आमच्या व्हॉट्सॲप गटात एक मेसेज महिन्याभरात तीनदा आला: रोज उपाशीपोटी कोकमाचं आगळ प्या, पेशींतला डीएनए दुरुस्त होतो, म्हातारपण थांबतं, कॅन्सर होत नाही, केमो तर डीएनएच तोडते, ती घेऊ नका. हे शेवटचं वाचून वाड्यावरच्या मावशीने केमोची तारीख चुकवली, म्हणून लिहायला बसले.

आधी केमोच. तिच्यातली बरीच औषधं डीएनएला इजा करतात, हे खरंच आहे आणि ती मुद्दाम केलेली असते. कॅन्सरपेशी भराभर विभागतात, पुष्कळदा त्यांची दुरुस्तीची यंत्रणा आधीच मोडकी असते. इजा झालेला डीएनए घेऊन विभागायला जातात आणि मरतात. डीएनए दुरुस्तीला लागणारं बीआरसीए जनुक बिघडलेल्या गाठींत ओलापरिब हे औषध दुरुस्तीची उरलेली वाटही अडवतं. केसांच्या मुळांतल्या, तोंडातल्या पेशीही भराभर विभागतात, म्हणून केस गळतात, तोंड येतं. हा त्रास खोटा नाही, मावशीला तो झालाय.

आता दुरुस्ती. प्रत्येक पेशीत रोज हजारो ठिकाणी डीएनए बिघडतो आणि पेशीतली विकरं (एन्झाइम) तो सांधत राहतात. हे कसं चालतं ते उलगडणाऱ्या लिंडाल, मॉड्रिच आणि संजार यांना २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीत गार्सिनॉल नावाचं रसायन असतं. २०१२च्या एका प्रयोगात त्याने कॅन्सरपेशींतली तुटलेल्या डीएनएची जोडणी उलट अडवली! पण तेवढ्यासाठी सोलकढी सोडायची गरज नाही. प्रयोगशाळेतल्या पेशी वेगळ्या, आपलं जेवण वेगळं. 

म्हातारपण आणि कॅन्सर एकाच घोटात थांबतील, हे तर मुळातच चुकतं. इजा झाली की पी५३ हे प्रथिन पेशीचं विभाजन रोखतं. दुरुस्ती जमली नाही, तर पेशी स्वतःला संपवते किंवा कायमची विभागायची थांबते. अशा थांबलेल्या पेशी कॅन्सर होऊ देत नाहीत, पण वयाबरोबर साठतात, आजूबाजूला दाह वाढवतात. २००२मध्ये पी५३ जास्त सक्रिय असलेल्या उंदरांना गाठी कमी झाल्या, पण ते लवकर म्हातारे झाले, हाडं ठिसूळ झाली.

अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू निष्प्रभ करणारे पदार्थ, घेतले की कॅन्सर टळतो असंही कुणी म्हणेल, म्हणून त्याचं थोडक्यात: फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या, तर फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. तो अहवाल १९९४चा आहे.

मावशीला सोमवारची नवी तारीख मिळालीय. मी तिच्यासोबत जाणार आहे.