तालमीने अभिनय मरत नाही

हौशी नाटकवाल्यांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. फार तालमी केल्या की अभिनय यांत्रिक होतो, खरा नट भूमिका ‘जगतो’, रडायचं असेल तर स्वतःचं दुःख आठवतो, आणि हे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीनेच सांगून ठेवलंय, असं त्यात म्हटलंय. एकांकिका करणारी पोरं हे खरं धरून चालतात, म्हणून लिहितोय.

आधी स्तानिस्लावस्की. भावनिक स्मृतीचे, म्हणजे स्वतःच्या जुन्या भावना आठवून अभिनय करण्याचे, प्रयोग त्याने केले, हे खरं. पण तो तिथे थांबला नाही. १९३४ मध्ये अमेरिकन नटी स्टेला अ‍ॅडलर पॅरिसला जाऊन त्याच्याकडे शिकली. परतल्यावर न्यूयॉर्कच्या ‘ग्रुप थिएटर’ या नाट्यसंस्थेत तिने सांगितलं, की त्याचा भर आता पात्राच्या परिस्थितीवर, कल्पनेवर आणि कृतीवर आहे. तिथला दिग्दर्शक ली स्ट्रासबर्ग याला ते मान्य झालं नाही. स्वतःचं दुःख आठवण्याचा मजकुरातला आग्रह मुळात स्ट्रासबर्गचा आहे. स्तानिस्लावस्की १९३८ मध्ये गेला तेव्हाही त्याच्याकडे फ्रेंच नाटककार मोलिएरच्या ‘तार्त्युफ’च्या तालमी चालू होत्या.

आता स्वतःचं दुःख आठवण्याबद्दल. आमच्या एका एकांकिकेत नायिका नवऱ्याची नोकरी गेल्याचं सासूला सांगते. ती मुलगी रोज वडिलांचं आजारपण आठवून रडायची. डोळे भरायचे, पण शब्द गिळले जायचे आणि सासूकडे तिचं लक्षच नसायचं. दिग्दर्शकाने रडणं बंद करायला लावलं आणि पुढ्यात तांदळाचं ताट ठेवलं. “निवडत निवडत सांग. सासूला कळता कामा नये तू घाबरलीयस.” दहाबारा तालमी नुसत्या हाताच्या गेल्या. मग एकदा ‘नोकरी’ शब्दाला तिची चिमूट खड्यावर थांबली. तो खडा ती बाजूला टाकेचना. समोर बसलेले आम्ही सगळे गप्प झालो. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

तालमीने अभिनय यांत्रिक होतो, हे एका अर्थी खरं आहे, पण नट वाक्याचा सूर पाठ करतो तेव्हाच. शब्द आणि हालचाली पक्क्या करायच्या, सूर मोकळा ठेवायचा, समोरचा आज काय देतोय त्यावर तो ठरू द्यायचा. अमेरिकन अभिनय-शिक्षक सॅनफर्ड माइस्नरचा सराव याचसाठी आहे. दोघं एकच वाक्य एकमेकांना पुन्हा पुन्हा म्हणतात आणि समोरच्याच्या वागण्यातून ते आपोआप बदलू देतात. शब्दांची धास्ती गेल्याशिवाय कान उघडत नाहीत, आणि ती धास्ती तालमीनेच जाते.

आणि भूमिका ‘जगणं’? रविवारी दुपारी एक, रात्री एक प्रयोग असतो. मधल्या वेळेत नट जेवतात, पोराचा अभ्यास फोनवर घेतात. प्रशांत दामलेंनी २०२२ मध्ये कारकिर्दीतला १२,५०० वा प्रयोग केला. पुनरावृत्तीने जिवंतपणा मरत असता तर इतकी वर्षं तिकीट काढून लोक आले नसते.

आमची ती नायिका प्रयोग संपला की तांदूळ पुन्हा डब्यात भरायची, खडे मोजून. पुढच्या प्रयोगाला ते तेवढेच लागायचे.